नळीत राहिलेलं औषध

प्रयोगशाळेत तिला सगळे कापवाली म्हणत. नाव ऐकून नवखा माणूस दचके, पण त्यात भिण्यासारखं काही नव्हतं. उंदराच्या मेंदूचे पातळ काप काढणं हे तिचं काम, आणि बावीस वर्षं ती ते करत आली होती. काप किती पातळ, तर आपल्या नखाच्या जाडीचा. यंत्राचं पातं थरथरत पुढे सरके आणि काप बर्फगार खारट पाण्यात अलगद सुटे. तो मऊ ब्रशने उचलायचा, प्राणवायू बुडबुडत असलेल्या भांड्यात ठेवायचा आणि तासभर विसावू द्यायचा. असा काप पुढे पाच-सहा तास जगतो. "मालक केव्हाच गेला," कापवाली म्हणे, "पण पेशींना अजून बातमी पोचलेली नसते."

मग त्यात एक रंग भिनवायचा. या रंगाची खोड अशी, की कॅल्शियम भेटलं की तो उजळतो. काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवून बारीकसा विजेचा टोला दिला, की अंधाऱ्या पडद्यावर ठिपके लुकलुकतात. तो लुकलुकाट मोजणं हे कामाचं दुसरं अंग.

हे सगळं तिने एकदा आपल्या भाचीला दाखवलं होतं. भाची तेव्हा नऊ वर्षांची. धाकट्या बहिणीची ही एकुलती मुलगी, आणि घरात तिला टकळी म्हणत, कारण सकाळी डोळे उघडल्यापासून तिची टकळी चालू असे.

"मावशी, ते दिवे कशाचे गं?"

"पेशी बोलताहेत. बोलायला तोंड उघडावं लागतं ना? तसं पेशीला एक दार उघडावं लागतं. दारातून कॅल्शियम आत शिरलं, की ती शेजारणीला निरोप देते. आत शिरलं की दिवा लागतो."

"कॅल्शियम म्हणजे दुधातलं?"

"तेच. दुधातलं, हाडातलं, खडूतलं."

"आणि ती बोलतच सुटली तर?"

"मग ऐकणारी शेजारीण वैतागते. तीच मग एक तेलकट पदार्थ तयार करते आणि उलट दिशेने पाठवते. तो बोलणारीच्या दारापाशी जातो आणि दार ओढून घेतो. थोडा वेळच. मग तो पदार्थ आपोआप मोडतो आणि दार पुन्हा उघडतं."

टकळीने विचार केला. "म्हणजे आई मला म्हणते तसं. 'पुरे आता, कान किटले.'"

"अगदी तसंच."

"पण माझं दार उघडतं परत."

"तुझं बंद कधी झालंय?"

त्या तेलकट निरोपाला शास्त्रात एंडोकॅनाबिनॉइड असं लांबलचक नाव आहे. भांगेतलं द्रव्य ज्या कुलपात बसतं, त्याच कुलपाची ही घरची किल्ली. घरोघरी, डोक्याडोक्यात ती बनते. भांग म्हणजे नुसती बाहेरून आणलेली डुप्लिकेट.

टकळीच्या डोक्यात मात्र हा निरोप वेळेवर पोचत नव्हता. सहाव्या वर्षी तिला पहिली फिट आली, आणि मग येतच राहिल्या. फिट म्हणजे काय, तर हजारो पेशी एकदम ओरडतात आणि कोणी कोणाचं ऐकत नाही. जिन्यावरून पडून तिचे पुढचे दोन दात गेले. अंघोळीला दाराची कडी लावायची नाही, खेळताना उंचावर चढायचं नाही. धाकटी पाच वर्षं मुलीच्या छातीवर हात ठेवून झोपत होती. गोळ्या तीन प्रकारच्या झाल्या. एकीने पोरगी सुजली, दुसरीने केस गेले, फिटा काही गेल्या नाहीत.

आणि मग ते औषध आलं. कापवालीच्याच प्रयोगशाळेतलं. शरीरातल्या त्या तेलकट निरोपासारखं दिसणारं, पण चटकन न मोडणारं. जनावरांवरच्या चाचण्या दुसरीकडे झाल्या होत्या. पण औषध वाढवत वाढवत कुठवर नेता येईल, त्याच्या वरच्या मर्यादेची रेघ कापवालीच्या टेबलावर आखली गेली. तिने थोडं देऊन बघितलं, दुप्पट देऊन बघितलं, दहापट देऊन बघितलं. ठिपक्यांचा उजेड कमी होई, पण निम्म्याच्या खाली काही उतरत नसे. म्हणजे पेशींचं ओरडणं थांबतं आणि बोलणं शाबूत राहतं. याहून चांगलं काय हवं? प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडमनी त्या दिवशी सगळ्यांदेखत तिचा हात हातात घेतला होता.

बेचाळीस मुलांवर चाचणी सुरू झाली. त्यात टकळी होती. पहिल्या महिन्यात फिटा निम्म्या झाल्या. तिसऱ्या महिन्यात सगळ्यांचं औषध वाढवलं, आणि टकळीच्या फिटा थांबल्या. एकही नाही. धाकटीने फोन केला आणि फोनवर नुसती रडली. "ताई, तुझ्या हातांना सोन्याने मढवलं पाहिजे," एवढंच तिला म्हणता आलं.

सहाव्या महिन्यात कापवाली रविवारी बहिणीकडे गेली. टकळी खिडकीपाशी बसली होती.

"मावशी, तू कधी आलीस?"

"आत्ताच. शाळा काय म्हणते?"

"चांगली आहे." आणि पुढे काही नाही. कापवाली वाट बघत राहिली. एरवी या प्रश्नाला अर्धा तास उत्तर मिळायचं. थोड्या वेळाने मुलीने वळून पाहिलं. "मावशी, तू कधी आलीस?"

तासाभरात तिने हे तीनदा विचारलं.

धाकटी आतून म्हणाली, "बाईंनी शाळेतून चिठ्ठी पाठवलीय. वर्गात शांत झालीय म्हणे, फार सुधारणा आहे."

कापवालीला ती सुधारणा वाटली नाही. पण तिने स्वतःची समजूत घातली. औषध जास्त होणं शक्यच नाही, ती म्हणाली. वरची रेघ मी स्वतः आखलीय, दहापटीला काही होत नाही. आपल्या हातच्या कामावर माणसाचा असा विश्वास असतो, आणि एरवी तो चांगलाच म्हणायचा.

आठ दिवसांनी, पुढच्या सोमवारी, बेचाळीसही मुलांचं औषध दुप्पट व्हायचं होतं. त्याआधी मॅडमना अहवालाला जोडायला एक नेहमीची मोजणी हवी होती. बुधवारी कापवालीने सगळं मांडलं आणि बघते तर मऊ प्लॅस्टिकच्या नळ्या संपलेल्या. औषध मिसळलेलं पाणी बाटलीतून कापापर्यंत याच नळीतून यायचं. नव्या नळ्या यायला चार दिवस. मग तिला खालच्या खणातल्या काचेच्या नळ्या आठवल्या. तीन वर्षांपूर्वीपर्यंत त्याच वापरात होत्या. जोडताना तडकत, बोटं कापत, म्हणून तिनेच बदलल्या होत्या. बदलल्यावर तिने नीट तपासलं होतं: मिठाचं पाणी घालून पाहिलं, एका टोकाला जेवढं मीठ तेवढंच दुसऱ्या टोकाला आलं. वहीत नोंदही केली होती: 'नळ्या बदलल्या. मोजणीत फरक नाही.'

तिने काचेच्या नळ्या धुऊन जोडल्या. औषध सोडलं, सगळ्यात कमी मात्रेचं.

पडद्यावरचे ठिपके मंद झाले, आणखी मंद झाले, आणि विझले. विजेचा टोला दिला. काळोख. मात्रा वाढवली आणि पुन्हा दिला. काळोख.

"मेला वाटतं काप," ती पुटपुटली आणि दुसरा घेतला. तेच झालं. तिसऱ्या वेळी तिने तासभर नुसतं स्वच्छ पाणी सोडलं, तेव्हा एकेक ठिपका हळूहळू परत उजळायला लागला. म्हणजे काप मेलेला नव्हता. दारं बंद होती.

ती स्टुलावर बसून राहिली. मग उठून कोपऱ्यातल्या बेसिनपाशी गेली. तिथे तिचा दुपारच्या जेवणाचा प्लॅस्टिकचा डबा पालथा घातलेला होता. साबणाने दोनदा घासलेला, तरी हाताला तेलकट लागणारा. बावीस वर्षं ती रोज असले डबे घासत होती आणि काचेच्या भांड्याला तेल धरत नाही, प्लॅस्टिकला धरतं, हे तिला झोपेतही सांगता आलं असतं. मीठ नळीला चिकटत नाही. तेल चिकटतं. आणि तिने नळी तपासली होती मिठाने.

घोडं कुठे पेंड खात होतं ते कळलं, पण नुसतं कळून भागत नाही. गुरुवारी तिने कचऱ्यातून जुनी वापरलेली नळी काढली, तिचे कात्रीने बारीक तुकडे केले आणि अल्कोहोलात भिजत घातले. दुसऱ्या भांड्यात दुसऱ्या विभागातून मागून आणलेली कोरी नळी, तशीच कापून. उद्या कोणी म्हणायला नको, की दिवे अल्कोहोलने विझले. दोन्हींचा एकेक थेंब भरपूर पाण्यात मिसळून तिने काचेच्या नळीतून सोडला. कोऱ्या नळीच्या पाण्याला काप नेहमीसारखा लुकलुकत राहिला. जुन्या नळीच्या पाण्याला तो विझला.

तीन वर्षं औषध नळीच्या भिंतीवर बसलं होतं. कापापर्यंत पोचत होता फक्त त्याचा वास. आणि मुलांच्या पोटात ते काही प्लॅस्टिकच्या नळीतून जात नव्हतं.

शुक्रवारी संध्याकाळी ती बहिणीकडे गेली. मॅडमकडे जायच्या आधी तिथे का गेली, हे तिने स्वतःलाही धड सांगितलं नाही. टकळी जमिनीवर बसून चित्र रंगवत होती. कागदाचा एकच कोपरा निळा, आणि तोच पुन्हा पुन्हा.

"ये ना ताई. अशी पाहुण्यासारखी दारात काय उभी?"

"सहज आले. कशी आहे ही?"

"छान. एकशे तीन दिवस झाले," धाकटी म्हणाली. किती दिवस फिट आली नाही, ते ती भिंतीवरच्या कॅलेंडरवर खुणा करून मोजत होती. "काल एकटी अंघोळीला गेली. मी दाराबाहेर उभी राहिले, पण गेली बाई एकटी."

"विसरते का गं फार?"

"ताई, ताकाला येऊन भांडं लपवू नकोस. काय झालंय?"

कापवालीने सांगितलं. नळीचं, मिठाचं, तेलाचं. आवाज खाली ठेवून, काही न लपवता. धाकटी ऐकत होती आणि हातातला टॉवेल घडी करत होती, उलगडत होती, परत घडी करत होती.

"म्हणजे तिला जास्त जातंय."

"फार जास्त. फिटांची दारं बंद झाली, तशी आठवणींचीही झाली. लक्षात राहायलासुद्धा पेशीला बोलावंच लागतं. आणि सोमवारी दुप्पट करणार आहेत."

"मग सोमवारचं नको म्हण. मात्रा आहे तेवढीच राहू दे."

"तसं नाही होत. हे कळल्यावर आहे तेही थांबवतील. सगळ्यांचं."

धाकटीने टॉवेल खुर्चीवर टाकला. "मग सांगू नकोस."

"अगं..."

"सांगू नकोस, ताई. विसरते तर विसरू दे. दहादा विचारेल, मी दहादा सांगेन. माझं तोंड काही झिजत नाही. पण ती पडली ना, की तिचे डोळे पांढरे होतात. तू एकदा पाहिलंयस. मी सातशे वेळा पाहिलंय. दर वेळी मला वाटतं, ही आता येत नाही परत."

"बाकीची एक्केचाळीस मुलं आहेत."

"त्यांच्या आया त्यांचं बघतील."

"त्यांना माहीतच नाही तर काय बघतील?"

धाकटीने टॉवेल पुन्हा उचलला. मग अगदी सरळ आवाजात म्हणाली, "नळ्या तू बदलल्यास. बोट कापतं म्हणून. आणि आता भोगायचं हिने."

कापवाली उठली. जाताना तिने टकळीच्या डोक्यावर हात ठेवला. मुलीने मान वर केली, गोड हसली आणि म्हणाली, "मावशी, तू कधी आलीस?"

ते हसू बघून धाकटीने तोंड फिरवलं. पण "थांब" म्हणाली नाही, आणि "जा" असंही म्हणाली नाही.

शनिवारी सकाळी मॅडम नुकत्याच येऊन बसल्या होत्या. कापवालीने वही, दोन भांडी आणि मोजणीचे कागद टेबलावर ठेवले आणि उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. मॅडमनी मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी त्यांनी वहीचं तीन वर्षांपूर्वीचं पान काढलं.

"ही नोंद तुमची."

"हो."

"आणि खाली सही माझी." त्यांनी चष्मा काढला. "बाई, चार-पाच काप म्हणजे काहीच नाही. पंधरा दिवस द्या. वीस काप करू, दुसऱ्या कोणाकडून करून घेऊ. मग बोलू. अर्धवट गोष्ट बाहेर गेली तर औषधच मरेल, आणि औषध वाईट नाहीये. तुम्हालाही माहितेय ते."

"माहितेय."

"मग?"

"परवा सोमवार आहे."

"एक वाढ. दोन आठवडे. तेवढ्याने..."

"मॅडम, माझी भाची निळा रंग कुठे देऊन झालाय ते विसरते. एकाच कोपऱ्यात देत बसते. कागद फाटेपर्यंत. आजच्या मात्रेला ही तऱ्हा आहे."

मॅडमना भाची चाचणीत असल्याचं ठाऊक नव्हतं. "तुमच्या घरातलंच मूल? आणि तुम्ही मला औषध थांबवायला सांगताय? तिच्या फिटा?"

"बंद आहेत. तीन महिन्यांच्या वर झाले."

बाहेरच्या खोलीत पंपाची घरघर चालू होती. मॅडमनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला. मग फोन उचलला आणि रुग्णालयातल्या डॉक्टरांचा नंबर लावला. बोलताना त्यांनी पहिलं वाक्य म्हटलं ते असं: "चूक आमच्याकडून झाली आहे, आणि ती मी सही करून पुढे पाठवली आहे." कापवालीने ते ऐकलं आणि ती न विचारताच खुर्चीवर बसली.

असलं औषध एकदम तोडता येत नाही. दर तीन दिवसांनी थोडं कमी, असं तीन आठवडे चाललं. दुसऱ्या आठवड्यात टकळी अचानक म्हणाली, की वर्गात तिच्या बाकावर आता दुसरीच मुलगी बसते आणि हे तिला कोणी सांगितलंच नाही. खरं तर तिला चार वेळा सांगितलं होतं. पण ती त्यावर वीस मिनिटं भांडली, आणि धाकटी स्वयंपाकघरात ओट्याला धरून उभी राहिली. तिला हसावं की रडावं कळेना. हे तिने कापवालीला सांगितलं नाही. धाकटीच्या नवऱ्याने फोनवर सांगितलं. दोघी बहिणींचं बोलणं बंद होतं.

एकोणिसाव्या दिवशी, भर दुपारी, शाळेच्या व्हरांड्यात फिट आली. थांबेना. अकरा मिनिटं, मग थोडी उसंत, मग परत. रुग्णालयात तिला झोपेचं औषध देऊन दोन दिवस निजवून ठेवलं. कापवाली दोन्ही दिवस बाहेरच्या बाकावर बसली होती. धाकटी तिच्या समोरून चार वेळा गेली आणि आली, जणू बाकावर कोणी नाहीच. मुलगी शुद्धीवर आली तेव्हा तिचा डावा हात लुळा होता. डॉक्टर म्हणाले, बहुतेक परत येईल. "बहुतेक" या शब्दावर ते जरा अडखळले.

चाचणी थांबली. बेचाळीसपैकी सहा मुलांच्या फिटा पूर्वीपेक्षा वाढल्या. काही आया मॅडमना येऊन भेटल्या. एकीने आभार मानले, एक थुंकली. मॅडमना प्रमुखपदावरून काढलं. कापवालीला काढलं नाही, कारण काप काढणारं दुसरं कोणी नव्हतं. ती रोज काचेच्या नळ्या जोडून मोजत बसे: फिट थांबेल पण आठवण राहील, अशी मात्रा कुठे आहे का. आतापर्यंत दिसत होतं ते असं, की त्या दोहोंमधली फट फार अरुंद आहे. असलीच तर.

महिन्याभराने टकळीनेच फोन करून तिला बोलावलं. धाकटीने दार उघडलं, बाजूला झाली आणि आत गेली. टकळी पलंगावर बसली होती, डावा हात उशीवर ठेवलेला, कपाळावर नवी जखम.

"मावशी, माझं औषध तू बंद केलंस?"

"हो."

"का?"

"त्याने तू सगळं विसरायला लागली होतीस. औषध जास्त होतं. किती द्यायचं ते मोजणारी मी, आणि माझं मोजायचं चुकलं. नळी चुकीची होती."

आताशा शब्द शोधायला मुलीला वेळ लागे, पण ते सापडत.

"आई म्हणते, ते औषध होतं तेव्हा मी पडत नव्हते."

"खरं आहे."

"मला ते आठवत नाही. शाळेची सहल आठवत नाही. माझा वाढदिवस आठवत नाही. फोटो आहे, पण मी त्यात कोण हसतेय तेच कळत नाही." तिने उजव्या हाताने डावा हात उचलला आणि मांडीवर ठेवला, एखादी वस्तू ठेवावी तसा. "आणि आता पडते ते सगळं आठवतं."

चूक झाली, हे कापवालीने मॅडमना सांगितलं होतं, चौकशीला आलेल्या पाच जणांना सांगितलं होतं. पण या वाक्याला उत्तर कुठल्याच कागदावर लिहिलेलं नव्हतं.

"यातलं बरं कुठलं, मावशी?"

"मला माहीत नाही गं."

"तुला माहीत हवं," टकळी म्हणाली. रागाने नाही, शिक्षक फळ्यावर गणित चुकले तर मूल सांगतं तसं.

धाकटी आतून आली. तिने एक वही कापवालीच्या मांडीवर टाकली आणि बहिणीकडे न बघता म्हणाली, "औषध बंद झाल्यापासूनच्या सगळ्या फिटा आहेत त्यात. तारीख, वेळ, किती मिनिटं. डॉक्टर म्हणाले, मोजणाऱ्याला द्या." आणि जरा थांबून, "सकाळची लिहायची राहिलीय. सात मिनिटं."

कापवालीने पेन काढलं आणि लिहिलं.